किती फटी रिकाम्या राहिल्या, तेही लिहा

बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावच्या महाविद्यालयात झिंक ऑक्साइडच्या नॅनोवायर बनवणे आता नवलाचे राहिलेले नाही. झिंक नायट्रेट, हेक्झामिन, 90 अंशांचा वॉटर बाथ, की झाले. अडते ते पुढे. त्यातली एक तार उचलून दोन इलेक्ट्रोडांवर ठेवायची कशी आणि तिची वाहकता मोजायची कशी? म्हणून मग एक्सआरडी, सेमचा फोटो आणि दाबून केलेल्या पेलेटचा रोध एवढ्यावर लेख उरकतो.

तार जागच्या जागी वाढवणे हा एक मार्ग. बीडची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला संलग्न आहेत, तिथल्या महेंद्र शिरसाट यांनी रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील सहकाऱ्यांबरोबर 2009 मध्ये असाच हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर केला. दोन सोन्याच्या इलेक्ट्रोडांमध्येच पॉलिअॅनिलीनच्या नॅनोवायर वाढवल्या होत्या. पण वेगळ्या बनवलेल्या ऑक्साइडच्या तारा इलेक्ट्रोडांमधल्या फटीपर्यंत न्याव्याच लागतात, आणि तिथे डायइलेक्ट्रोफोरेसिस कामी येते. हर्बर्ट पोल यांनी 1951 मध्ये हे नाव दिले. विद्युत क्षेत्र जिथे दाट, तिकडे ध्रुवीभूत कण ओढला जातो. ही ओढ किती, ते ठरवणारा गुणक गोल कणासाठी 1 च्या वर जात नाही. लांब, वाहक तारेला ही मर्यादा नाही, म्हणून ती थोडक्या व्होल्टेजलाही धावून येते. 2 मायक्रोमीटरच्या फटीवर 5 व्होल्ट म्हणजे मीटरमागे 25 लाख व्होल्ट. प्रयोगशाळेतला साधा फंक्शन जनरेटर त्याला पुरतो.

त्या जनरेटरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. बहुतेक जनरेटर 50 ओहमचा लोड गृहीत धरून व्होल्टेज दाखवतात; चिपचा इम्पीडन्स त्याहून कितीतरी मोठा असला की इलेक्ट्रोडांवर जवळपास दुप्पट पोहोचते. बल व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते, म्हणजे चौपट फरक! सीआरओचा प्रोब चिपवरच लावून मोजावे. आणि तारा ज्यात मिसळल्या आहेत तो आयसोप्रोपॅनॉलचा थेंब पुरता वाळेपर्यंत क्षेत्र बंद करू नये. वाळत्या द्रवाच्या ओढीने जागेवर बसलेली तारही सरकते.

2010 मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त फ्रीअर आणि सहकाऱ्यांनी 16,000 जागांपैकी 98.5 टक्के जागी एकेक तार बसल्याचे दाखवले. टक्केवारीचे कौतुक आहेच, पण आमच्या लेखी मोल त्या 16,000 चे. आमच्याकडे येणाऱ्या लेखांत एका देखण्या तारेचा फोटो असतो. ती किती फटींतून निवडली, याचा पत्ता नसतो.

मोजणीचे तसेच. दोन टोकांवर मोजलेल्या रोधात तारेचा किती आणि संपर्काचा किती, हे कळत नाही. रटगर्स विद्यापीठात जेरी शान यांच्या गटाने 2015 मध्ये संपर्कच टाळला. तार द्रवात तरंगत ठेवायची, प्रत्यावर्ती क्षेत्र लावायचे आणि ती क्षेत्राच्या दिशेला किती वेगाने वळते, ते वारंवारता बदलत मायक्रोस्कोपखाली पाहायचे. वेग ज्या वारंवारतेला उतरू लागतो, तिच्यावरून वाहकता काढता येते. खनिज तेलात, मीटरला 0.01 सीमेन्स वाहकतेच्या तारेची लांबी जाडीच्या 10 पट असेल, तर हिशेबाने ही वारंवारता सुमारे दीड मेगाहर्ट्झ येते. 50 पट असेल तर 120 किलोहर्ट्झच्या आसपास. पदार्थ तोच, आकडा मात्र बारापटीहून अधिक खाली. तारांची लांबी-जाडी न देता नुसती वारंवारता देणाऱ्या आलेखाचे आम्ही काय करावे? वाहकता 1 सीमेन्स झाली की आखूड तारेला दीडशे मेगाहर्ट्झ लागतील आणि कॉलेजचा जनरेटर हात टेकेल. तिथे जास्त परमिटिव्हिटीचा द्रव घ्यावा किंवा लांब तारा निवडाव्यात.

इलेक्ट्रोडची चिप बीडमध्ये होणार नाही, हे खरे. त्यासाठी आयआयटी मुंबईसारख्या संस्थांच्या सुविधा बाहेरच्या संशोधकांना खुल्या करणारा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम आहे, प्रस्ताव पाठवावा. थेंब टाकणे, जुळवणे, मोजणे हे एम.एस्सी.चे विद्यार्थी आपल्याच टेबलावर करू शकतात.

पुढच्या अंकापासून या विषयावरील लेखात चिपवर मोजलेले व्होल्टेज, वारंवारता, द्रवाची वाहकता, तारांची लांबी-जाडी आणि एकूण फटींपैकी जुळलेल्या फटी यांचा तक्ता असावा. तक्ता नसलेला लेख परीक्षकांकडे जाणार नाही.