कोड जुळला, पण माणूस जुळला का?



गळीत हंगाम आटोपला की शेतकी खात्याला हायसे वाटते, असा पुष्कळांचा समज आहे. यंदा तरी तो खरा नाही. शेतकी खात्याची जुनी कॉम्प्युटर प्रणाली बंद करून नवी सुरू करण्याचे ठरले आहे. तुमचा शेअर, ऊसनोंद, लागणीची तारीख, वजन पावत्या, सोसायटीची वसुली आणि बिल जमा होणारे बँक खाते, हा सगळा संसार जुन्या घरातून नव्या घरात हलवायचा आहे. कॉम्प्युटरवाले याला डेटा मायग्रेशन म्हणतात. आम्ही आपले बिऱ्हाड हलवणे म्हणू.

बिऱ्हाड हलवताना भांडीकुंडी हरवली तर नवी आणता येतात. इथे हरवते ते सभासदाचे नाव. म्हणून या कामातल्या एका साध्या दिसणाऱ्या कागदाविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

नव्या प्रणालीत प्रत्येक ऊस उत्पादकाला नवा कोड मिळणार आहे. जुन्या कोडाचा माणूस नव्या कोणत्या कोडावर बसवायचा, हे नव्या प्रणालीला कुणीतरी सांगावे लागते. ते सांगणारी यादी म्हणजे जुळवणी फाईल. ही ‘सीएसव्ही’ नावाच्या साध्या प्रकारात करतात. तिच्यात काही जादू नाही. एका ओळीत एक माणूस, आणि त्याची माहिती स्वल्पविराम देऊन वेगळी केलेली: जुना कोड, नवा कोड, नाव, वडिलांचे नाव, गाव, बँक खाते. नवी प्रणाली ही फाईल वाचते आणि लिहिले असेल तसे मुकाट्याने करते. फाईलीत चूक असेल तर चुकीचेही तितक्याच मुकाट्याने करते.

याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. ही फाईल नुसत्या कॉम्प्युटर खोलीत तयार होऊ नये. ती गट ऑफिसात तयार व्हावी, गावात वाचली जावी, आणि सभासदाने पाहिल्यावरच नव्या प्रणालीत जावी.

काही मंडळी म्हणतात, “साहेब, एवढा खटाटोप कशाला? नावावरून नाव जुळवणारा प्रोग्रॅम आहे की! रात्रीत काम होतंय.” होत असेलही. पण आपल्या गावांत नावावरून माणूस ओळखता येत असता, तर लोकांनी ‘मळ्यातले’, ‘वाड्यातले’, ‘वरच्या आळीचे’ असे म्हटलेच नसते. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चार-चार पाटील सापडतात. दोघांच्या तर वडिलांचे नावही एकच असते. दुसऱ्या बाजूला, एकच माणूस एका कागदावर ‘पाटील’, दुसऱ्यावर ‘पाटिल’ आणि बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत तिसऱ्याच स्पेलिंगने बसलेला असतो. प्रोग्रॅम पहिल्या चौघांना एक समजण्याचा संभव, आणि दुसऱ्या एकाला तिघे. आमचा चिटबॉय मात्र बांधावर उभा राहून सांगतो, कुणाचा ऊस कुठे संपतो आणि कुणाचा सुरू होतो.

आता फाईल तयार करताना काय काय बिघडते ते सांगतो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण प्रत्येक गोष्टीत कुणाचे तरी बिल अडकलेले आहे.

पहिली गोष्ट पुढच्या शून्याची. आपले जुने कोड ‘००४१२७’ अशा तऱ्हेचे आहेत. ही फाईल तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये नुसती दोनदा टिचकी मारून उघडली, की तो पुढची शून्ये खाऊन ‘४१२७’ करतो, कारण त्याच्या लेखी तो आकडा आहे. आपल्या लेखी ते माणसाचे नाव आहे. बँक खात्यांचे याहून वाईट. असा प्रोग्रॅम पंधरा आकड्यांपर्यंतच संख्या नीट धरतो. खाते क्रमांक सोळा आकडी असेल, तर शेवटच्या आकड्याच्या जागी शून्य येते आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तसेच गट नंबर ‘१२/३’ लिहिला, की त्याची कुठलीतरी तारीख होते. जमिनीचा नंबर गेला आणि कॅलेंडर हाती आले! उपाय सोपा आहे. कोड, खाते क्रमांक, मोबाईल, गट नंबर हे सगळे रकाने ‘मजकूर’ म्हणूनच घ्यायचे, आणि मूळ फाईलीची एक प्रत कुणीही हात लावायचा नाही अशी कुलपात ठेवायची.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि ऊस विकासाच्या दृष्टीने हीच सर्वांत घातक. ‘०८/०१/२०२५’ म्हणजे आपल्याकडे ८ जानेवारी, सुरू हंगामाची लागण. अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला कॉम्प्युटर तीच १ ऑगस्ट वाचतो. म्हणजे झाली आडसाली! सुरूचा ऊस बारा महिन्यांचा होऊन शेतात उभा असताना प्रणालीच्या हिशेबी तो पाचच महिन्यांचा पोरगा. तोडणी कार्यक्रमात त्याचे नाव येणार नाही, टोळी येणार नाही. ऊस वाळत उभा राहील आणि वजनातली घट सभासदाच्या माथी बसेल. गंमत अशी, की ‘१५/०१/२०२५’ ही तारीख उलटत नाही, कारण पंधरावा महिना नसतो. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या तारखा बदलतात, बाकीच्या तशाच राहतात, आणि वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते. म्हणून तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ‘२०२५-०१-०८’ अशी लिहावी. मग वाद नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मराठीची. जुन्या प्रणालीतली नावे जुन्या फाँटमध्ये आहेत. पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरेच भरलेली असतात. ती आधी युनिकोडमध्ये आणून फाईल ‘यूटीएफ-८’ प्रकारात साठवली नाही, तर नव्या प्रणालीत नावाच्या जागी किडामुंगी दिसते. आकड्यांचेही तसेच. मराठी ‘१२’ आणि इंग्रजी बारा आपल्याला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळ्या वस्तू. शिवाय पत्त्यात कुणी स्वल्पविराम दिला असेल, तर तिथेच रकाना तुटतो आणि पुढची सगळी माहिती एक घर सरकते. गावाच्या जागी मोबाईल, मोबाईलच्या जागी बँक. असा मजकूर दुहेरी अवतरण चिन्हांत ठेवायचा, म्हणजे तुटत नाही.

चौथी गोष्ट बँकांची. १ एप्रिल २०१९ ला देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली. अशा शाखांचे आयएफएससी कोड पुढे बदलले. हा कोड अकरा अक्षरांचा, त्यातली पहिली चार बँकेची आणि पाचवे शून्य. ज्यांनी दोन-चार हंगाम ऊस घातलेला नाही त्यांच्या नोंदीत जुनाच कोड राहिला असण्याचा संभव आहे. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशाने ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याची मुदत घातली, आणि पुढे विलंबाला वार्षिक पंधरा टक्के व्याज लावले. कारखान्याने पैसे वेळेत पाठवले आणि खाते चुकले म्हणून ते परत आले, तर उशीर कुणाचा? हा वाद बिलाच्या दिवशी काट्यावर घालण्यापेक्षा आत्ताच पासबुक पाहिलेले बरे.

या झाल्या यंत्राच्या गोष्टी. त्या समज दिल्यावर सुधारतात. खरी कसोटी माणसांची आहे.

जुन्या यादीत मयत सभासद आहेत. वडील जाऊन वर्षे लोटली, ऊस मुलगा घालतो, पण कोड वडिलांचाच. काही ठिकाणी भावाभावांची वाटणी झाली, तरी तिघे एकाच कोडावर ऊस घालतात आणि घरी बसून हिशेब करतात. काही सभासदांचे दोन कोड आहेत, एक स्वतःच्या नावचा आणि दुसरा बिगर सभासद असतानाचा. फाईल तयार करणाऱ्याला मोह होतो, की आलोच आहोत तर हेही नीट करून टाकू. आमचा त्याला ठाम विरोध आहे. वारस ठरवणे हे जुळवणी फाईलीचे काम नव्हे. ते अर्ज, दाखले आणि संचालक मंडळाचा ठराव यांचे काम आहे. दोन कोड एकत्र केले, तर एकावरची सोसायटीची वसुली दुसऱ्याच्या बिलातून कापली जाऊ शकते. जुने जसे आहे तसे आधी नव्यात न्यावे, बरोबर पोचले याची खात्री करावी, आणि दुरुस्ती त्यानंतर रीतसर कागदावर करावी. बिऱ्हाड हलवणे आणि घराची वाटणी एकाच दिवशी काढली, तर दोन्ही बिघडतात.

ज्यांची नावे जुळतच नाहीत त्यांचे काय? नव्या प्रणालीत ‘इतर’ नावाचे एक खाते असते. न जुळलेली प्रत्येक नोंद त्यात लोटली, की यादी शंभर टक्के जुळल्याचे दिसते. ही पळवाट आम्हाला मान्य नाही. न जुळलेल्यांची वेगळी यादी करावी. प्रत्येक नावापुढे न जुळण्याचे कारण आणि गट अधिकाऱ्याची सही असावी. ती यादी संपल्याशिवाय जुनी प्रणाली बंद करू नये.

कर्मचाऱ्यांच्या लॉगिनलाही हाच न्याय लावला पाहिजे. जुन्या प्रणालीत एकाच नावाने चौघे-पाचजण नोंदी करतात. नव्यात प्रत्येक चिटबॉय, स्लिप क्लार्क आणि काटा क्लार्क यांना स्वतंत्र लॉगिन मिळावे. निवृत्तांची जुनी नावे पुसू नयेत, ‘बंद’ म्हणून ठेवावीत. लागणीची तारीख कुणी बदलली, हे विचारण्याचा सभासदाला हक्क आहे, आणि उत्तर देता आले पाहिजे.

आमच्या हिशेबी मित्रांचे म्हणणे असे, की दोन्ही बाजूंच्या बेरजा ताडून पाहिल्या की पुरे. सभासद संख्या, एकूण शेअर, एकूण क्षेत्र, एकूण ठेवी जुळल्या पाहिजेत हे आम्हालाही मान्य. पण बेरीज जुळली म्हणजे माणूस जुळला असे नाही. एका पाटलांची दोन एकरे दुसऱ्या पाटलांकडे आणि त्यांची दोन एकरे यांच्याकडे गेली, तरी बेरीज तंतोतंत जुळते. ही चूक हिशेबनिसाला दिसत नाही. ती फक्त त्या दोन पाटलांना दिसते. म्हणूनच यादी त्यांच्यापर्यंत गेली पाहिजे.

याला आपल्याकडे आधार आहे. ऑनलाइन सातबाऱ्याच्या कामात २०१७ साली महसूल खात्याने गावोगाव चावडी वाचन घेतले. तीच वाट आपण धरावी. गावात जुना कोड, नवा कोड, नाव, गट नंबर आणि लागणीची तारीख एवढेच वाचावे. बँक खाते आणि मोबाईल चारचौघांत वाचू नये. ते ज्याचे त्याला स्वतंत्र चिठ्ठीवर दाखवावे. आधार क्रमांकाची तर या फाईलीत गरजच नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. पण कायदा नसता तरी सभासदाचे पासबुक चावडीवर मांडणे सभ्यपणाचे झाले नसते.

वेळ लागेल हे खरे. म्हणून आमची सूचना अशी: मे-जूनमध्ये, आडसाली नोंदी सुरू होण्याआधी हे काम व्हावे. प्रथम एकच गाव घेऊन ते नव्या प्रणालीत चढवून पाहावे. ते नीट बसले तर पुढचा गट घ्यावा. आणि नव्या कोडाबरोबर जुना कोडही निदान दोन हंगाम वजन पावतीवर छापावा. बापाच्या काळापासून पाठ झालेला नंबर माणूस एका रात्रीत विसरत नाही, आणि खोडव्याची नोंद तर जुन्याच नंबरावर आहे.

सभासदांनाही एक विनंती. वाचनाच्या दिवशी शेअर सर्टिफिकेट, शेवटच्या हंगामाची वजन पावती, आठ-अ आणि पासबुकाचे पहिले पान घेऊन या. “माझं काय चुकणार हाय?” असे म्हणून घरी बसू नका. शेजाऱ्याचे नाव तुमच्यासारखेच असेल, तर त्यालाही बरोबर आणा. दोघांनी शेजारी बसून ओळ वाचली, की तिथेच निकाल लागतो.



– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते