पेपर तपासा... पण लेखकाचा!

वर्षभर बाई आणि सर तुमचे पेपर तपासतात. आज लाल पेन तुमच्या हातात! तपासायची आहे एक विज्ञान-कादंबरी. तीही कोणा नामवंत प्रकाशकानं छापलेली नव्हे, तर लेखकानं स्वतःच प्रसिद्ध केलेली.

अशा पुस्तकाला संपादकाची चाळणी लागलेली नसते. त्यामुळे बरेच जण ते हातातही घेत नाहीत. "चांगलं असतं तर प्रकाशकानं छापलं नसतं का?" असं म्हणून मोकळे होतात!

पण अँडी वीअरची हकिगत ऐका. हा अमेरिकेतला संगणक-प्रोग्रॅमर. मंगळावर एकट्याच अडकलेल्या अंतराळवीराची 'द मार्शियन' ही कादंबरी त्यानं २००९ सालापासून एकेक प्रकरण करत स्वतःच्या वेबसाइटवर फुकट ठेवली. वाचकांत विज्ञानाचे जाणकार होते. ते चुका कळवत, हा दुरुस्त करी. २०११ मध्ये त्यानं स्वतःच तिचं ई-पुस्तक काढलं. पुढे २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकानं ती छापली आणि २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला.

चला तर, हाच पेपर तपासू.

प्रश्न पहिला : हिशेब जुळतो का? काटेकोर विज्ञानकथेत हा प्रश्न सक्तीचा, ऑप्शनला टाकायचा नाही! नायकाला बटाटे पिकवायला पाणी हवंय. तो हायड्रेझीन या रॉकेटच्या इंधनातून हायड्रोजन सुटा करतो आणि जाळतो. पडताळून पाहा. ३२ ग्रॅम हायड्रेझीनमध्ये ४ ग्रॅम हायड्रोजन असतो. तो ३२ ग्रॅम ऑक्सिजनबरोबर जळला की ३६ ग्रॅम पाणी तयार! शिवाय यात स्फोटाचा धोका आहे, तोही लेखकानं लपवलेला नाही. द्या पैकीच्या पैकी!

प्रश्न दुसरा : थाप कुठे मारली? कादंबरीच्या सुरुवातीलाच ताशी १७५ किलोमीटर वेगाचं वादळ येतं आणि अंतराळवीरांचं यान कलंडण्याची वेळ येते. पण मंगळावरची हवा आपल्या हवेच्या सुमारे साठाव्या हिश्शाइतकीच दाट! वाऱ्याचा जोर हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. गणित केलंत तर ते भयंकर वादळ आपल्याकडच्या ताशी २२-२३ किलोमीटर वाऱ्याइतकंच भरतं. पतंग उडवायला झकास! यान कसलं पडतंय?

इथे गुण कापायचेच. वीअरला ही गोष्ट ठाऊक होती आणि त्यानं ती कबूलही केली आहे. गोष्ट सुरू व्हायला एक संकट हवं होतं, म्हणून ही एक थाप. एखादी थाप चालते. पण प्रत्येक अडचणीतून थापेनंच सुटका होऊ लागली, तर ती विज्ञानकथा नाही, जादूचा दिवा झाला.

प्रश्न तिसरा : पुढे काय होईल म्हणून जीव टांगणीला लागतो का? सगळी समीकरणं बरोबर, पण नायक जगला काय नि मेला काय, आपल्याला काहीच वाटत नाही. मग ते पाठ्यपुस्तक झालं, कादंबरी नव्हे.

आणि परीक्षकानं पाळायचा एक नियम : नावाकडे बघून गुण द्यायचे नाहीत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या लेखकाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कोण हे जगताप? आद्याक्षरं उलटी वाचा : ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं टोपणनाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली!

मोठं नाव झाकूनही चांगली कथा उठून दिसली. मग ज्याचं नावच कुणाला माहीत नाही, त्याच्या पुस्तकाचीही निदान पहिली वीस पानं मन लावून वाचायला नकोत का?

या रविवारी घरातली एखादी विज्ञानकथा काढा. मुखपृष्ठाला कागदी कव्हर घाला, म्हणजे लेखकाचं नाव दिसणार नाही. आई-बाबांनाही परीक्षक करा आणि तिन्ही प्रश्नांना वेगवेगळे गुण द्या. बेरीज जुळली नाही तर उत्तमच! मग प्रत्येकानं आपले गुण का दिले ते सांगायचं, पुस्तकातलं पान दाखवून. नुसतं "मस्त आहे" किंवा "बोअर आहे" चालणार नाही हं!