रेडिओची वर्गणी कुणाच्या भरवशावर?

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली



ऑक्टोबर २०२५ मध्ये आपण डिजिटल रेडिओच्या धोरणाबद्दल सरकारला शिफारशी केल्या. ज्या महानगरांपासून सुरुवात करा असं आपण सुचवलंत, त्यांत मुंबई आहे. नवा रेडिओ म्हटला की नवा सेट आला, आणि आज ना उद्या कुणीतरी त्यावर वर्गणीही लावेल. म्हणून गिरगावातून हे पत्र. वर्गणीच्या रेडिओचा या शहराला जुना अनुभव आहे. असा रेडिओ इथे दोनदा आला आणि दोन्ही वेळा बुडाला.

पहिली गोष्ट २३ जुलै १९२७ ची. अपोलो बंदरच्या रेडिओ हाऊसमधून इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. सेट बाळगायला वर्षाला दहा रुपयांचं लायसन्स काढावं लागे आणि त्यातले आठ रुपये कंपनीला मिळत. लायसन्स काढणारे फार थोडे. मार्च १९३० मध्ये कंपनी गुंडाळली गेली आणि सरकारने ते केंद्र चालवायला घेतलं. पुढच्याच वर्षी खर्च झेपत नाही म्हणून तेही बंद करायचं ठरलं, तेव्हा श्रोत्यांनी आणि सेटमध्ये पैसा अडकलेल्या व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. परकं सरकार होतं, तरी त्याला ऐकू आलं.

दुसरी गोष्ट वर्ल्डस्पेसची. आपल्या कार्यालयातल्या ज्येष्ठांना ती आठवत असेल. मार्च २००० मध्ये एशियास्टार उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच्या भरवशावर भारतात उपग्रह रेडिओ आला. सेट वेगळा घ्यायचा आणि वर्षाची वर्गणी आगाऊ भरायची. ए. आर. रेहमान या सेवेचे सदिच्छादूत होते. ती चांगली होती, हे मान्य करायलाच हवं. ‘गंधर्व’ या वाहिनीवर दिवसभर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत चाले आणि ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी गाणी. विलंबित ख्याल सुरू झाला की मध्येच फ्लॅटच्या जाहिराती नाहीत. दादर-गिरगावातल्या कानसेनांना आणखी काय हवं होतं?

पण हा रेडिओ मुंबईत ऐकणं म्हणजे कसरत. उपग्रह विषुववृत्तावर, १०५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे साधारण सिंगापूरच्या डोक्यावर. मुंबईतून पाहायचं तर आग्नेयेच्या किंचित पूर्वेला, क्षितिज आणि माथा यांच्या जवळजवळ मधोमध. अँटेना म्हणजे तळहाताएवढी चपटी चौकोनी वडी. तिला त्या दिशेचं मोकळं आकाश दिसलं पाहिजे, नाहीतर सेट गप्प. आमच्या चाळीतल्या एका काकांची गॅलरी सुदैवाने पूर्वेकडची. ते वडी कठड्यावर ठेवायचे, खाली घडी केलेला पुठ्ठा सरकवून कोन साधायचे आणि सेटच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या रेघा भरेपर्यंत कुणाला हलू द्यायचे नाहीत. कोणी समोर उभं राहिलं की भीमसेन अर्ध्या तानेत अदृश्य. पाठीमागच्या, पश्चिमेकडच्या बिऱ्हाडांना मात्र कितीही पैसे मोजले तरी काही लाभलं नसतं, कारण मध्ये अख्खी चाळ उभी. लालबाग-परळात तर गिरण्यांच्या जागी टॉवर उठले. काल दिसणारं आकाश आज दिसेलच, याची खात्री कोण देणार? अमेरिकेत सिरियस आणि एक्सएम या उपग्रह रेडिओ कंपन्यांनी शहरांत इमारतींच्या सावलीसाठी जमिनीवर पुनःक्षेपक उभारले होते. आमच्याकडे सगळी भिस्त पुठ्ठ्यावर.  

मूळ कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. जगभरातले तिचे बहुसंख्य वर्गणीदार भारतातले होते, पण त्यांचं भवितव्य डेलावेअरमध्ये ठरलं. ३१ डिसेंबर २००९ ला इथली सेवा बंद झाली. ते सेट ज्या सेवेसाठी घेतले होते तीच संपली, त्यामुळे नव्या वर्षात त्या कामी त्यांचा काही उपयोग उरला नाही. १९३१ मध्ये ओरड करायला समोर सरकार तरी होतं. २००९ मध्ये ओरडायचं कुणाकडे, हेच कळत नव्हतं.

उपग्रह रेडिओबद्दल आपल्याच संस्थेने २००५ मध्ये शिफारशी केल्या होत्या, तेव्हा विषय आपल्याला नवा नाही. घोडं अडलं ते अंमलबजावणीत. डीटीएचचंच पाहा. सेट-टॉप बॉक्स कुठल्याही कंपनीला चालावा, अशी शिफारस आपण एप्रिल २०२० मध्ये केलीत. घराघरांत मात्र कंपनी बदलली की जुना डबा माळ्यावर जातो. डिजिटल रेडिओच्या बाबतीत देशभर एकच तंत्रज्ञान असावं, हा आपला आग्रह म्हणूनच मला योग्य वाटतो. माझी विनंती एवढीच की त्यातून सेट विकणाऱ्याला पळवाट ठेवू नका. पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहायला लावा की हा सेट कोणकोणती प्रक्षेपणं पकडतो आणि कंपनी गेली तरी काय पकडत राहील.

आगाऊ वर्गणीची तर मला सर्वांत जास्त काळजी वाटते. वर्षाचे पैसे एकदम घेणाऱ्या कंपनीला ते सगळे पहिल्याच दिवशी का वापरू द्यायचे? सेवा न दिलेल्या महिन्यांची रक्कम भारतातल्या बँकेत वेगळ्या खात्यात राहावी आणि सेवा थांबली तर वर्गणीदाराला परत मिळावी. मूळ कंपनी परदेशी असेल तर ही अट परवान्यातच हवी, नंतरच्या परिपत्रकात नको. क्षेत्रव्याप्तीबद्दलही तेच. नकाशावर मुंबई निळी रंगवून ‘येथे सेवा उपलब्ध’ म्हणणं पुरेसं नाही. चाळीच्या आतल्या खोलीत सेट लावून पाहायला काही दिवस मिळावेत आणि आवाज आला नाही तर सेटसकट पैसे परत.

फुकटाचा पर्याय आहे, हे मला ठाऊक आहे. डीडी फ्री डिशवर एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याची वर्गणी न देता आकाशवाणीच्या वाहिन्या उपग्रहावरून ऐकता येतात. पण त्यासाठी टीव्ही लावावा लागतो, आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना कुणी टीव्ही लावून रेडिओ ऐकत नाही.

शिफारशींचं धोरण होण्याआधी आगाऊ वर्गणीच्या सुरक्षेचं एक स्वतंत्र कलम त्यात घालावं, असं आपण मंत्रालयाला लेखी कळवावं. आणि खुली चर्चा घेणार असाल तर एक बैठक मुंबईत, शक्यतो दादरला, संध्याकाळी सहानंतर ठेवा. नोकरदारांना येता येईल.

आपला,
गिरगावातला एक श्रोता