व्याज हराम, मग पर्याय कुठे?

व्याज हराम आहे, हे आपण मिंबरवरून नेहमी ऐकतो. पण माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांत राबणाऱ्या सिन्नरच्या मजुराने आजारपणात पैसा आणायचा कुठून? यावर खुतबा गप्प! कुरआनातील सर्वांत मोठी आयत (बकरा 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीच्या आठ हकदारांमध्ये कर्जबाजारीही आहेत. मग लाखामागे अडीच हजारांची आपली जकात मोहल्ल्यातल्या कर्जबाजाऱ्यापर्यंत का पोहोचत नाही?

विश्वस्तांनो, मिनाराचा चंदा जरा थांबवा. जकातीची एक आणि कर्ज-ए-हसनाची एक, अशा दोन वेगळ्या वह्या घाला. दरमहा हिशोब फळ्यावर लावा. पर्याय न देता नुसते ‘हराम’ म्हणणे म्हणजे गरिबाला सावकाराच्या दारात सोडून येणे होय.