डेटा सेंटर हवे, पण कोणत्या भावात?

गेल्या दिवाळीत सोलापूरच्या मामेभावाचा फोन आला. शुभेच्छा झाल्या, फराळाची चौकशी झाली आणि मग दादा मुद्द्यावर आला. तो तिथल्या उद्योजकांच्या एका मंडळात आहे. "तू त्या डेटा सेंटरांच्या गावातच राहतेस की! आमच्याकडं ती कशी आणायची ते सांग. जागा देऊ, पाणी देऊ, टॅक्स माफ करू. अजून काय पाहिजे त्यांना?"

मी व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत राहते. ॲशबर्नच्या आसपासच्या त्या बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती रोज जाता-येता दिसतात. माझे संशोधनही क्लाउडवरच चालते, त्यामुळे या उद्योगाला नुसती नाके मुरडायचा अधिकार मला नाही. पण दादाची यादी ऐकून मी दचकले. जे द्यायला तो सर्वात आधी तयार होता, ते या कंपन्यांच्या यादीत बरेच खाली असते. आणि जे त्यांना खरोखर हवे असते ते सोलापूरकडे आहे, याची त्याला कल्पनाच नव्हती.

ॲशबर्नला हा उद्योग आला तो काही कुणी फुकट जमीन दिली म्हणून नव्हे. १९९० च्या दशकात इंटरनेटची जाळी एकमेकांना जोडणारे एक मुख्य केंद्र उत्तर व्हर्जिनियात होते, एओएल जवळच डलसला होती, जमिनीखालून फायबर गेले होते आणि वीज स्वस्त होती. करसवलती नंतर आल्या. मुंबईचेही तसेच. समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात, बँका आणि शेअर बाजार तिथेच, म्हणून ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल हा पट्टा वाढला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटची माहिती भारतातच ठेवण्याचा आदेश काढला, त्याने आणखी जोर आला.

मग सोलापूरकडे काय आहे? वीज आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताची ग्रिड उर्वरित देशाच्या ग्रिडशी जुळली. ज्या गावात देशाची वीज जोडली गेली त्या गावाने चादरीबरोबर हेही सांगायला हवे. शिवाय एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प शहराच्या शेजारीच आहे. डेटा सेंटरवाला आधी विचारतो की दोन वेगवेगळ्या दिशांनी वीज मिळेल का, किती मेगावॉट आणि किती महिन्यांत. त्यानंतर फायबरचे दोन स्वतंत्र मार्ग. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकल थांबल्या, तेव्हापासून सगळी अंडी एका टोपलीत नकोत हे पटवून द्यावे लागत नाही.

अंतराचा प्रश्न दादाने काढलाच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई–सोलापूर चारशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चार मिलिसेकंद, वाटेतली यंत्रे धरून थोडे जास्त. क्षणाक्षणाची जुळी नक्कल ठेवायची असेल तर हे अंतर जास्तच, पण आपत्तीसाठी राखीव साठा ठेवायला किंवा एआयची मॉडेल शिकवायला मुळीच अडचण नाही. सोलापूरने मुंबईशी स्पर्धा करू नये, मुंबईचा आधार म्हणून उभे राहावे.

आता पाणी. दादाने ते सहज देऊन टाकले, ज्या शहराने वर्षानुवर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी पाहिले आहे त्या शहराच्या वतीने! मी त्याला फोनवरच हिशेब करून दाखवला. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण पाऊण युनिटहून थोडी कमी उष्णता जाते, म्हणजे एका युनिटला दीड लिटर. दहा मेगावॉटचे केंद्र सर्वस्वी बाष्पीभवनावर थंड ठेवायचे तर दिवसाला साडेतीन लाख लिटरहून अधिक पाणी लागते. माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापाने हे अडीच हजारांहून अधिक माणसांचे पाणी झाले. आणि दहा मेगावॉट म्हणजे आजच्या मानाने लहानसेच केंद्र. गोची अशी की सोलापूरच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाची पद्धत फारच छान चालते, वीज वाचते, म्हणून कंपनी तीच मागणार. पाण्याऐवजी हवेने थंड करणारी यंत्रे असतात. ती वीज जास्त खातात, पण ते बिल कंपनी भरते. उजनीचे पाणी मात्र सगळ्यांचे आहे. देऊ नयेच असे मी म्हणत नाही. नवी मुंबई महापालिका सांडपाणी पिण्याच्या दर्जाच्या जवळपास शुद्ध करून कारखान्यांना विकते. तसे सांडपाणी शुद्ध करून विकावे. फुकट नव्हे, विकावे.

कराबद्दल मी अधिकच चिडते, कारण इथला आणि तिथला फरक कुणी पाहतच नाही. लाउडनमध्ये इमारतीवर तर कर आहेच, पण आतल्या संगणकांवरही दर शंभर डॉलर मूल्याला चार डॉलरहून अधिक कर काउंटीला मिळतो. त्यामुळे आमच्या घरांचा करदर २०१५ साली शंभराला एक डॉलरहून जास्त होता, तो २०२५ मध्ये ऐंशी सेंटवर आला. शाळांना पैसा मिळतो. मी स्वतः त्याची लाभार्थी आहे. आपल्या महापालिकेला मात्र आतल्या यंत्रांवर काही मिळत नाही. जकात गेली, एलबीटी गेला, जीएसटी राज्याचा आणि केंद्राचा. उरतो इमारतीचा मालमत्ता कर, आणि राज्याच्या आयटी धोरणात तोही निवासी दराने आकारा असे म्हटले आहे. म्हणजे औदार्य मंत्रालयाचे आणि खिसा महापालिकेचा. त्यावर आणखी माफी द्यायची तर शहराच्या हाती राहिले काय?

नोकऱ्या? व्हर्जिनिया विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. बांधकामाच्या ऐन भरात दीड हजारपर्यंत माणसे लागतात, पण अडीच लाख चौरस फुटांचे केंद्र चालू झाले की साधारण पन्नास, आणि त्यातली निम्मी कंत्राटी. एकट्या २०२३ या आर्थिक वर्षात राज्याने सोडून दिलेला विक्रीकर ९२८ मिलियन डॉलर होता. गिरण्या बंद पडल्यावर सोलापूरची पोरे पुण्याच्या गाड्या भरून गेली. ती पन्नास जागांनी परत येणार नाहीत. पॉलिटेक्निकमध्ये वातानुकूलन, उच्चदाब वीज, फायबर जोडणी शिकवायची आणि त्या पन्नासांतल्या बहुतेक जागा स्थानिकांना द्यायच्या, एवढे मात्र करारात लिहून घेता येते. विमानसेवेसाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली आणि विमान जून २०२५ मध्ये उडाले. चिमणी पाडावी की नाही यावर दोन मते असतील, पण आधी द्यायचे आणि मग वाट पाहायची ही सवय दादाच्या मंडळाला लागलेली आहे.

लाउडनलाही शहाणपण उशिराच सुचले. १० जुलै २०२४ रोजी इथल्या एका वाहिनीत बिघाड झाला आणि साठेक डेटा सेंटरे एकदम स्वतःच्या राखीव विजेवर गेली. ग्रिडवरून क्षणात दीड हजार मेगावॉट मागणी नाहीशी झाली, आणि ते सांभाळताना वीजवाल्यांना घाम फुटला. मार्च २०२५ मध्ये काउंटीने आपोआप मिळणारी परवानगी बंद केली. आता प्रत्येक नव्या केंद्रासाठी जाहीर सुनावणी लागते. आमच्या शेजारच्या आजीबाई तिथे जाऊन तीन मिनिटे जनरेटरच्या आवाजाबद्दल बोलतात आणि सदस्यांना ऐकून घ्यावे लागते.

दादा थोडा हिरमुसला. "एवढ्या अटी घातल्या तर ते दुसऱ्या गावाला जातील," म्हणाला. जातीलही. पण ७६५ केव्हीचे उपकेंद्र दुसऱ्या गावाला उचलून नेता येत नाही, आणि हे त्यांना दादापेक्षा चांगले ठाऊक आहे.

मंडळाकडे एका कंपनीचा प्राथमिक प्रस्ताव आला आहे. त्यात पाण्याचा आकडा कोरा आहे. तो भरून घेतल्याशिवाय आयुक्तांकडे जायचे नाही, एवढे दादाने कबूल केले आहे. करारातले विजेचे आणि कायद्याचे भाग मला कळत नाहीत. आपल्यात क्लाउड कंपन्यांत जागा निवडीचे काम केलेले, वीज वितरणातले, करारांचे वकील असे बरेच जण आहेत. मसुदा आला की वाचून द्यायला दोन-तीन संध्याकाळी कोण देऊ शकेल ते मला कळवावे.