मोडलेला गिअरबॉक्स घरी बदलावा काय?

यंत्र मोडले की आपल्याकडे दोन मते तत्काळ ऐकू येतात. एक म्हणते, “टाका ते, नवे घ्या.” दुसरे म्हणते, “त्यात काय आहे? पाना आणा, आत्ता खोलतो!” दोन्ही मतांत उतावळेपणा सारखाच आहे, यंत्र का मोडले हे विचारण्यास कोणीच थांबत नाही.

मारुतीची जुनी व्हॅन घ्या. ही गाडी १९८४ मध्ये रस्त्यावर आली व २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तथापि लहान गावांतून ती अद्यापही मुले, माणसे आणि माल वाहते. आपले खातेगांव इंदूर-बैतूल महामार्गावर असले तरी इंदूर येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. गिअरबॉक्स निकामी झाल्यास गाडी ओढून नेण्याचा खर्च, मिस्त्रीची मजुरी आणि बुडालेले दिवस, असा तिहेरी भार पडतो. ज्या घराची चूल त्या व्हॅनवर पेटते, त्या घराला हा प्रश्न शोभेचा नव्हे.

माझे मत असे की, हे काम घरी अवश्य करावे. मात्र त्याची मर्यादा ओळखून करावे.

प्रथम निदान. गिअर पडत नाही म्हणून गिअरबॉक्सच दोषी, असे समजणे चूक आहे. इंजिन बंद असता गिअर सहज पडतो आणि चालू असता खरखरतो, तर दोष बहुधा क्लचचा असतो. कित्येकदा तार ताणून बसविल्यानेच काम भागते. याउलट गिअर आपोआप निसटत असेल, किंवा चालताना सतत घरघर होत असेल, तर आतील चक्रे अथवा बेअरिंगे झिजल्याचा संशय घ्यावा. तेल काढून पाहावे. ते कमी भरले, अथवा त्यात लोखंडाचे कण चकाकले, तर दुखण्याचे मूळ सापडू लागते. गळके सील तसेच ठेवून दुसरा गिअरबॉक्स बसविणे म्हणजे फुटक्या घागरीत पुन्हा पाणी भरणे होय.

त्यानंतर सुरक्षितता. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही घाई असली तरी, शिरू नये. सपाट व टणक जमीन, भक्कम लोखंडी घोड्या आणि चाकांना अडणी, एवढे नसेल तर कामास हात घालू नये. विटांचा आधार तर मुळीच नको. त्या एकाएकी फुटतात. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानी येत नाही. या व्हॅनमध्ये मागील चाकांकडे शक्ती नेणारा प्रोपेलर शाफ्ट एकदा काढला की, गाडी गिअरमध्ये ठेवून थांबत नाही. ती घरंगळू शकते. प्रथम बॅटरीची तार सोडावी. गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी इंजिनाला खालून आधार द्यावा, आणि गिअरबॉक्सचा भार दोघांनी पेलून तो सरळ मागे ओढावा. बसविताना क्लचची चकती मध्यावर आणूनच तो पुढे सरकवावा. बोल्ट आवळून ओढून घेऊ नये. तो निघालेला असतानाच क्लचची चकती व बेअरिंग तपासून घ्यावे, म्हणजे तेच काम महिन्याने पुन्हा करावे लागत नाही.

मर्यादा ती हीच. गिअरबॉक्स सबंध काढणे व दुसरा बसविणे घरी साधते. परंतु त्याच्या पोटातील बेअरिंगे दाबून काढणे व अंतरे मोजून जुळविणे, हे योग्य अवजारे असलेल्या कारागिराचे काम आहे. तेथे हट्ट धरणे हे शौर्य नव्हे. भंगार बाजारातून जुना गिअरबॉक्स आणल्यास पावती घ्यावी, आणि काढलेले तेल नाल्यात ओतू नये. जवळच नेमावरला नर्मदा वाहते. आपल्या अंगणातील घाण तिच्या पात्रात का पाठवावी?

कोणी म्हणेल, शाळेच्या अंकात हा विषय कशाला? विद्यार्थिमित्रहो, दहा दातांच्या चक्राने तीस दातांचे चक्र फिरविले तर वेग तिसरा हिस्सा होतो आणि घर्षणाची तूट सोडता फिरविण्याचे बळ तिप्पट मिळते, हे आपण वहीत लिहितो. हाच नियम भरलेल्या व्हॅनला चढावर नेतो. पण कितीजणांनी तो हाती घेऊन फिरवून पाहिला आहे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्याच हातांनी लोखंडी नांगर घडविला. सायकल दुरुस्त करणारा हात त्यांना हलका वाटला नाही.

आपल्या समाजात मात्र तेलकट हातांना अजून पाट मांडला जात नाही. मुलगा पुस्तकात डोके घालून बसला तर कौतुक, आणि पाना घेऊन बसला तर “वाया गेला” अशी हळहळ! ही समजूत मोडीत काढण्याजोगी आहे. घरातील वडीलमाणसे गाडीखाली काम करीत असता मुलामुलींनी बाजूला राहून बोल्ट क्रमाने मांडावेत, कोणता कोठला ते कागदावर लिहावे, आणि प्रत्येक भागाचे प्रयोजन विचारावे. पैसे वाचतील ते वाचतील. पण कारण शोधण्याची जी सवय लागेल, ती व्हॅन भंगारात गेल्यावरही टिकेल.