सायटेशन मोजणाऱ्यांना आमचे काही प्रश्न

'आमचे सर जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत!' असे फ्लेक्स हल्ली कॉलेजांच्या फाटकांवर झळकतात. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी काढतात. एखाद्याच्या शोधनिबंधांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, हा तिचा मुख्य पाया. आपल्यातले काही कार्यकर्ते या आकड्यांना 'मेरिटवाल्यांचं नवं सोंग' म्हणून उडवून लावतात. आम्हाला ते मान्य नाही. आकडा टाकून देण्याआधी तो कसा तयार होतो ते पाहायला हवं.

उदाहरण म्हणून शेषनाथ भोसले या रसायनशास्त्रज्ञाचं काम घेऊ. त्यांची जात कोणती हा इथे मुद्दाच नाही, वाट कोणती हा आहे. बर्लिनच्या फ्री विद्यापीठात फूरहॉप यांच्याकडे पीएच.डी., मग जिनिव्हात स्टेफान माटिले यांची प्रयोगशाळा, पुढे ऑस्ट्रेलिया, नंतर गोवा विद्यापीठात प्राध्यापकी. त्यांचा विषय सुप्रामोलेक्युलर रसायनशास्त्र. म्हणजे रेणूंना पक्क्या बंधांनी न जोडता हायड्रोजन बंधासारख्या कमकुवत ओढींनी एकत्र आणायचं. एकेक ओढ क्षुल्लक, पण शेकडो मिळून टिकाऊ रचना उभी राहते. (संघटना बांधणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) 2006 साली 'सायन्स' या नियतकालिकात जिनिव्हाच्या गटाचा निबंध आला, त्यात पहिलं नाव भोसले यांचं होतं. नॅफ्थलीन डायइमाइडचे रेणू एकावर एक रचून त्यांनी चरबीच्या पातळ पडद्यात अशी रचना बसवली, की प्रकाश पडताच पडद्याच्या दोन बाजूंना प्रोटॉनचा फरक तयार होतो. झाडाचं पान उन्हात जे करतं, त्यातल्या एका टप्प्याची ही नक्कल. 2008 मध्ये याच रेणूंच्या रसायनशास्त्रावर जानी आणि लँगफर्ड यांच्यासह त्यांनी आढावा लिहिला, आणि पुढे या विषयात शिरणारे तो उघडत राहिले.

आता आकड्याकडे. आढावा-लेखाला मूळ प्रयोगापेक्षा जास्त सायटेशन मिळणं नेहमीचंच आहे. रसायनशास्त्रात गट मोठे, निबंध भरपूर, म्हणून आकडेही फुगतात. मराठी समाजशास्त्रात आयुष्य घालवलेल्याची त्याच्याशी तुलना करणं अडाणीपणाचं आहे. 2005 साली हिर्श यांनी सुचवलेला एच-इंडेक्सही अशीच मोजपट्टी आहे: किमान 40 वेळा संदर्भ दिले गेलेले 40 निबंध असतील, तर इंडेक्स 40. ज्याच्याकडे आधीच नाव आहे त्याच्याकडेच श्रेय वाहत जातं, हे रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याला हे नवीन नाही.

पण मोजपट्टीचा सगळ्यात मोठा दोष वेगळाच आहे. ती निबंध छापल्यावर मोजायला लागते. त्याआधी कोण गळालं, याची नोंद तिच्याकडे नाही. आमच्या नगर जिल्ह्यात, खर्ड्याला, 28 एप्रिल 2014 रोजी 17 वर्षांच्या नितीन आगेला मारून टाकलं गेलं. तो शाळेत शिकत होता. 2017 मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाचा एच-इंडेक्स कोण काढणार?

आणि ज्यांना कुणी मारत नाही, त्यांना वेळ मारतो. प्रयोगशाळेतलं संशोधन उपाशीपोटी होत नाही. रसायनं महाग, यंत्रं दुसऱ्या संस्थेत, नमुना तपासायला पाठवला की वाट पाहायची. पाच-सहा वर्षं दर महिन्याला पैसे आले तरच हे निभतं. बार्टीच्या 2021 च्या तुकडीतल्या 861 विद्यार्थ्यांच्या फेलोशिपसाठी आंदोलन करावं लागलं. परदेशी शिक्षणाच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या जागा वर्षाला 75, त्याही सगळ्या विषयांना मिळून. खुद्द बाबासाहेबांना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. शंभर वर्षांनंतर आपली मुलं त्याच वळणावर उभी आहेत.

यावर कुणी म्हणेल, खरी बुद्धिमत्ता कुठूनही वाट काढते. चार्ल्स पेडरसन यांचं उदाहरणही देईल. क्राउन ईथर शोधून 1987 चं नोबेल क्रॅम आणि लेन यांच्याबरोबर मिळवणाऱ्या पेडरसन यांच्याकडे पीएच.डी. नव्हती, हे खरं. पण त्यांच्याकडे ड्यूपाँ कंपनीची प्रयोगशाळा, कायमची नोकरी आणि कित्येक वर्षांचा निवांत वेळ होता. आम्ही तेवढंच मागतोय.

म्हणून फ्लेक्स लावणाऱ्या कॉलेजांना आमचे प्रश्न आहेत. तुमच्याकडे अनुसूचित जाती-जमातीचे किती विद्यार्थी पीएच.डी.ला नोंदले गेले, त्यातले किती मध्येच सोडून गेले, कुणाची फेलोशिप किती महिने थकली आणि रसायनशास्त्र विभागात या प्रवर्गांची किती प्राध्यापकपदं रिकामी आहेत? नगर, श्रीरामपूर, संगमनेरच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराचे अर्ज याच महिन्यात टाकावेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.